ब्रेडच्या दोऱ्यात सारख्या गाठी पडतात? नवीन रील घ्यायच्या आधी हे बघा

खाडीवर मासे पकडायला स्पिनिंग रील आणि ब्रेडेड (वेणीसारखा विणलेला) दोरा वापरताय आणि खालीलपैकी काही होतंय का, ते आधी ताडून बघा.

- ल्युअर (नकली आमिष) फेकला की अर्ध्या वाटेत झटका खाऊन थांबतो. रॉडच्या पहिल्या मोठ्या रिंगेत दोऱ्याचा बोळा अडकलेला असतो.
- फेकताना लवंगी फुटल्यासारखा आवाज होतो. ल्युअर एकटाच पलीकडच्या काठाकडे रवाना, आपल्या हातात सैल दोरा.
- गुंडाळून झाल्यावर स्पूलवर (दोरा गुंडाळला जातो त्या चकरीवर) एखादा फास कानासारखा उभा राहिलेला दिसतो.
- दोरा सैल सोडला की जुन्या लँडलाईनच्या वायरीसारखा स्वतःभोवतीच पिळतो.
- सकाळी जेवढं लांब जात होतं, तेवढं तासाभरात जाईनासं होतं, आणि गुंडाळताना बारीक खरखर ऐकू येते.

यातलं पहिलं आणि तिसरं असेल तर निम्मी पोस्ट वाचून काम होईल. दुसरं असेल तर रिंगांचा आणि चौथं असेल तर पिळाचा भाग वाचा. पाचव्यासाठी थोडं उघडझाप करावं लागेल.

एक आधीच सांगतो. हे सगळं स्पिनिंग रीलबद्दल आहे, म्हणजे ज्याचं स्पूल फेकताना फिरत नाही. अमेरिकेतले बास मासा पकडणारे व्हिडिओत जे बुटकं, रॉडच्या वर बसणारं रील वापरतात, त्यात होणारा गुंता वेगळा. तिथे स्पूल दोऱ्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून घरटं होतं. त्याचं औषध इथे नाही.

आता भाच्याची गोष्ट. त्याने दिवाळीत पहिलं रील घेतलं आणि तिसऱ्याच रविवारी ठाण्यात गायमुखच्या बाजूला माझ्या हातात देऊन म्हणाला, "मामा, रीलच बेकार लागलं. दुकानवाला म्हणतो याच्या वरचं मॉडेल घ्या." मी स्पूल पाहिलं आणि म्हटलं, "पैसे खिशात ठेव, तुझा डावा हात दाखव." गेल्या काही वर्षांत मित्रांची, त्यांच्या मित्रांची बरीच रीलं माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन गेली, आणि गाठीच्या तक्रारीत बहुतेक वेळा रील निर्दोष सुटतं. या गाठीला इंग्रजीत वाऱ्याचं नाव आहे, 'विंड नॉट', त्यामुळे आपणही वाऱ्याला शिव्या घालतो. पण गाठ पडते सैल गुंडाळलेल्या दोऱ्यामुळे. वारा फक्त ती उघडी पाडतो.

हे असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. नायलॉनचा तंगूस जाड आणि ताठ असतो, त्याला स्वतःचा बाक असतो, तो स्पूलवरून उड्या मारत सुटतो. ब्रेड बारीक पॉलिथिलीनच्या धाग्यांची वेणी. ताणत नाही, पाण्यावर तरंगतो आणि शिवणाच्या दोऱ्याइतका लुळा. एखादं वेटोळं सैल बसलं की त्यावरची घट्ट वेटोळी त्याला दाबून टाकतात. पुढच्या फेकीत वरचा दोरा सुटताना खालच्या सैल फासालाही ओढून बाहेर काढतो, आणि दोन्ही एकदम पहिल्या रिंगेत घुसायला बघतात. झाला बोळा.

पहिली तपासणी: कमान कोण मिटतं, हात की हँडल?

फुकट तपासणी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. ल्युअर पाण्यात पडल्यावर बहुतेक जण हँडल फिरवतात आणि कमान (दोरा स्पूलवर वळवणारी, उघडमीट होणारी तार) खट्कन आपोआप मिटते. रील त्यासाठी बनलेलंच आहे, त्यात गैर काही नाही. पण त्या क्षणी दोरा वाऱ्याने फुगलेला, सैल असतो. पहिली दोन-तीन वेटोळी सैलच बसतात, कधी दोरा रोलरवर (कमानीच्या टोकाच्या फिरत्या चाकावर) न बसता कमानीच्या तारेवरच राहतो.

करायचं असं. ल्युअर पाण्याला टेकायच्या जरा आधी डाव्या हाताचं बोट स्पूलच्या कडेला हलकं टेकवा, म्हणजे दोऱ्याला लगाम बसतो. मग कमान हाताने मिटा. मग, आणि हे सगळे विसरतात, रील आणि पहिली रिंग यांच्यामधला दोरा चिमटीत धरून एकदा ताणून घ्या. तो रोलरवर बसल्याचं दिसलं की मगच हँडल. पहिल्या दिवशी डोकं खाईल, तिसऱ्या रविवारी हात आपोआप करेल.

भाच्याचा निम्मा आजार इथेच गेला. उरलेला निम्मा पॉपरमुळे, म्हणजे झटक्याला पाणी उडवणाऱ्या ल्युअरमुळे. पॉपर किंवा पाण्यावर डावी-उजवीकडे डुलत येणारा ल्युअर चालवताना आपण रॉडला झटका देतो आणि दोरा सैल सोडतो. ल्युअर डुलतो तो त्या सैलपणामुळेच. म्हणजे चांगला पॉपर चालवणारा माणूस प्रत्येक झटक्याला थोडा सैल दोरा गुंडाळत असतो. उपाय दोन. गुंडाळताना रॉडच्या हाताच्या दोन बोटांतून दोरा सरकू द्या, कापायची भीती असेल तर बोटाला चिकटपट्टी लावा. नाहीतर दहाएक फेकींनंतर एक वजनदार चमचा (त्याच आकाराचा धातूचा ल्युअर) लांब फेकून सरळ, ताणून गुंडाळा. मी दुसरं करतो, कारण चमच्यालाही अधूनमधून मासा लागतो.

स्पूल किती भरलंय?

दुकानात दोरा भरून देताना काठोकाठ भरतात. गिऱ्हाइकाला वाटतं भरपूर दिला. तंगूसला ते थोडंफार चालतं, ब्रेडला नाही. स्पूलच्या ओठाच्या आत 2 ते 3 मिलीमीटर जागा मोकळी हवी, आगपेटीतल्या काडीच्या जाडीपेक्षा जरा जास्त. काठोकाठ असेल तर एका वेटोळ्याबरोबर तीन घसरून येतात. दहा-पंधरा मीटर काढून टाका, हात आखडू नका. उलट दोरा फारच खाली गेला असेल तर तो ओठाला घासत सुटतो आणि अंतर कमी होतं, पण गाठी पडत नाहीत. दोन्हीतलं एक निवडायचं झालं तर कमी भरलेलं बरं.

वजन आणि वाऱ्याची बाजू

रॉडवर हँडलच्या वर आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ 10–30 ग्रॅम. त्यावर 5 ग्रॅमचा ल्युअर फेकलात तर तो दोऱ्याला ताणून नेऊच शकत नाही, दोरा हवेत पतंगाच्या मांज्यासारखा झोळ धरतो. माझ्या 8 फुटी रॉडवर 14 ते 20 ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोक्याचा गळ) आणि चार इंची रबरी मासा हे सगळ्यात बिनघोर जातं.

वाऱ्याचं गणित ठाणे खाडीवर सोपं आहे. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, म्हणजे पश्चिमेकडून. ठाण्याच्या काठावर तो पाठीत लागतो. नवी मुंबईच्या काठावरून खाडीकडे तोंड केलंत की तोच वारा थेट तोंडावर. एकच माणूस, तेच रील, ठाण्यात साफ फेकतो आणि दुपारी चारला ऐरोलीच्या बाजूला वैतागून घरी जातो. मग रीलला दोष. तोंडावर वारा असेल तर फेक खालून ठेवा, दोरा पाण्यालगत राहू द्या, वजन वाढवा, नाहीतर पहाटे या. पहाटे वारा मंद असतो आणि डास तेवढे जास्त, पण ती वेगळी पोस्ट.

लीडरची, म्हणजे दोऱ्याच्या टोकाला जोडलेल्या जाड तुकड्याची, गाठ हाही इथलाच मुद्दा. जिताड्याच्या गालाच्या हाडाला वस्तऱ्यासारखी धार असते, त्यामुळे ब्रेडच्या पुढे जाड लीडर हवाच, मी 40 पौंडी फ्लुरोकार्बन लावतो. पण तो दोन हात लांब ठेवून त्याची गाठ रिंगांच्या आत घेऊन फेकलात तर ती प्रत्येक रिंगेला टकटक करत जाते आणि मागचा दोरा तुंबतो. दीड-दोन फूट पुरे. गाठ शेवटच्या रिंगेच्या बाहेर.

जाता जाता, बासचं. आपल्या धरणांत, खाडीत तो अमेरिकन बास नाही. तो गोड्या पाण्यातला, वेगळ्याच कुळातला मासा. त्याचा जागतिक विक्रम 22 पौंड 4 औंसांचा, जॉर्जियात 1932 साली झालेला, आणि 2009 साली जपानच्या बिवा सरोवरातल्या माशाने त्याची बरोबरी केली. म्हणजे सव्वादहा किलोही नाही. आपल्या जिताड्याला इंग्रजीत आशियाई सी-बास म्हणतात खरं, पण तो नाईल पर्चचा भाऊबंद आणि बासपेक्षा कितीतरी मोठा होतो. बासचे ल्युअर त्याला चालतात, त्यावरचे तीन-तोंडी गळ मात्र तो सरळ करून ठेवतो. ल्युअर घेतला की आधी गळ बदला. रंगाबद्दल वाद घालणाऱ्यांना मी इतकंच विचारतो की या गढूळ पाण्यात तुमचं बोट किती खोल दिसतं? एक पांढरा, एक काळा-सोनेरी. बाकीचे रंग दुकानदाराच्या मुलांच्या शिक्षणासाठी.

पीळ कुठून आला?

इथे जरा वेळ द्या, कारण ही चूक करताना ती चूक वाटत नाही.

ल्युअर तिवरांच्या मुळीत अडकला, किंवा मोठा मासा लागला आणि ड्रॅग (ठरावीक ताणाला दोरा सोडणारा ब्रेक) कर्रर्र करत दोरा सोडतोय, आणि तुम्ही हँडल फिरवतच राहिलात. ताण तसाच, दोरा आत येत नाही, पण रोटर (कमान बसवलेला फिरता भाग) फिरतोय. स्पिनिंग रीलमध्ये रोटरचा प्रत्येक फेरा दोऱ्यात एक पीळ घालतो, तो एरवी दोरा सुटताना निघून जातो. इथे मात्र तो साठतो. रीलवर 5.2:1 लिहिलंय, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात पाचापेक्षा जास्त पीळ. वीस फेरे फिरवलेत तर शंभरावर. तंगूस असता तर लगेच वळ्या दिसल्या असत्या, ब्रेड निमूटपणे पोटात ठेवतो आणि पुढच्या सैल क्षणी गाठ मारून मोकळा होतो.

म्हणून ड्रॅग सुटत असेल तेव्हा हँडल थांबवा. रॉड वर उचला, खाली नेताना गुंडाळा, पुन्हा उचला. ड्रॅगही नीट लावा. दोऱ्याच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्श्यावर तो सुटायला हवा. 20 पौंडी म्हणजे सुमारे 9 किलोचा दोरा असेल तर सव्वादोन किलोच्या आसपास. सामान तोलायचा छोटा काटा दोऱ्याला बांधून ओढून बघा. अंदाजाने लावणारे निम्मे लोक फार सैल लावतात आणि निम्मे कुलूपबंद.

दुसरं कारण गोल फिरणारे ल्युअर. स्पिनर, काही चमचे. त्यांच्या आधी चांगलं स्विव्हल (फिरती कडी) नसेल तर प्रत्येक गुंडाळीत पीळ.

साठलेला पीळ काढायचा तर ल्युअर आणि लीडर काढून नुसता दोरा ओहोटीच्या धारेत साठ-सत्तर मीटर सोडा, पाच मिनिटं वाहू द्या, आणि चिमटीत धरून गुंडाळा. उधाणाच्या ओहोटीला खाडीची ओढ जोरदार असते, काम लवकर होतं. अडचण एकच, आपल्या खाडीत दर दहा फुटांवर प्लास्टिकची पिशवी. म्हणून मी हल्ली सकाळी सहाला सोसायटीमागच्या मैदानात गवतावरून दोरा ओढत चालतो. क्रिकेटवाली पोरं हसतात.

रोलर फिरतोय का?

कमान मिटून दोरा चिमटीत धरा, ओढा आणि रोलरकडे डोळा ठेवा. फिरला तर पुढे जा. दोरा नुसता घासत गेला तर खरखरीचं कारण सापडलं. खारं पाणी वाळून मीठ, त्यात आपल्या खाडीचा तो मलईसारखा गाळ, रोलर जाम. मग दोरा एकाच जागी घासतो, केसाळ होतो, शिवाय रोलरवर घसरताना पीळही घेतो.

नळाच्या हलक्या धारेखाली धरा आणि बोटाने फिरवत राहा. गाडी धुतात तसा जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. नुसत्या पाण्याने सुटलं नाही तर एक स्क्रू काढून रोलर उतरवता येतो. उतरवताना प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ताटात मांडा आणि फोटो काढा. पुसा, शिवणयंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब, परत बसवा. एक थेंब म्हणजे एकच. एका शेजाऱ्याने खोबरेल घातलं होतं. ते पंचविसाच्या खाली पारा गेला की थिजायला लागतं, जानेवारीतल्या पहाटे त्याचं रील हलेना. त्याच्या केसांना फरक पडला असेल, रोलरला नाही.

रिंगा आणि स्पूलचा ओठ

कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतून आतून फिरवा. धागा कुठे अडकला तर आतल्या सिरॅमिक कड्याला तडा आहे. डोळ्याला न दिसणारा तडा ब्रेडला करवतीसारखा कापतो, "फटकन तुटला" या तक्रारीत मी हेच आधी बघतो. लोकलच्या गर्दीत रॉड उघडाच नेणाऱ्यांच्या शेवटच्या रिंगेला हे हमखास होतं. रिंग बदलून मिळते, रॉड टाकू नका. स्पूलच्या ओठावरून नख फिरवा. ओरखडा लागला आणि तो बारीक असेल तर 2000 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलका घासा. खोल असेल तर स्पूलच बदला.

दोरा स्पूलवर घसरतोय का, आणि कसा बसतोय?

ड्रॅग घट्ट असूनही जोर लावल्यावर सगळं वेटोळं स्पूलभोवती फिरतं? ब्रेड गुळगुळीत धातूवर पकड घेत नाही. खाली आधी चार-पाच मीटर तंगूस गुंडाळा, त्याला ब्रेड जोडा. दोरा काढलाच आहे तर उलटा भरा, आतला न वापरलेला भाग बाहेर येतो आणि दोरा आणखी वर्ष-दोन वर्षं चालतो.

आता स्पूल बाजूने बघा. दोरा पुढच्या ओठाकडे जास्त आणि मागे कमी, असा उतार असेल तर गाठी पडणारच, कारण पुढचा ढीग स्वतःच घसरतो. स्पूलच्या खाली दांड्यावर पातळ वॉशर असतात. पुढे ढीग असेल तर एक वॉशर वाढवा, स्पूल वर उचललं जातं आणि दोरा मागे बसतो. मागे जास्त ढीग असेल तर एक काढा. जादा वॉशर बहुधा रीलच्या डब्यातच आलेले असतात आणि डबा आपण रद्दीत दिलेला असतो. हे काम घरी करा. माझा एक वॉशर कोलशेतच्या चिखलात आहे, सापडला तर तुमचा.

इथे थांबा

इथपर्यंत सगळं करूनही गाठी पडत असतील, किंवा खालचं काही दिसलं, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि रील दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

हँडल उलटं फिरतं किंवा फिरून मग अडकतं. कमान अर्धवट मिटते, स्प्रिंग मेलेली वाटते. रोटर डुलतो. फिरवताना आत वाळू दळल्यासारखं लागतं. रील पूर्ण खाऱ्या पाण्यात बुडालं होतं. हे सगळं बॉडीच्या आतलं काम. आत गिअरची बसण केसाएवढ्या वॉशरवर ठरलेली असते आणि उलट फिरणं रोखणाऱ्या बेअरिंगला जाड ग्रीस लागलं तर ते घसरायला लागतं. मी एकदा उघडलं होतं. एक स्प्रिंग उडाली ती फ्रिजच्या मागे गेली, आणि शेवटी दुरुस्तीवाल्याकडे मी रील नव्हे, पिशवी घेऊन गेलो. बुडालेलं रील असेल तर गोड्या पाण्याने वरून धुवा आणि त्याच दिवशी न्या. आठवडाभर पडू दिलंत तर बेअरिंग गंजतात. खर्च नव्या रीलच्या निम्म्याच्या वर जात असेल तरच नवं घ्या.

रॉड वाकवताना कट्कन आवाज आला, तर तो चिकटवून वापरू नका. कार्बन आत तुटलेला असतो, पुढच्या फेकीत चेहऱ्याशी फुटेल. कार्बनमधून वीज जाते हेही लक्षात असू द्या. खाडीवरून उच्चदाबाच्या तारा गेल्यात, त्यांच्या खाली किंवा ढग गडगडत असताना रॉड उभा धरायचा नाही.

आणि गळ अंगात रुतला तर. काटा कातडीखाली गेला असेल, सांध्याजवळ असेल, डोळ्याच्या आसपास कुठेही असेल, तर ओढू नका. दोरा कापा, ल्युअर हलणार नाही असा बांधा आणि दवाखान्यात जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

गाठ सोडवताना जोर लावू नका, दोन टाचण्यांनी सैल फास उकलत जा. पाच मिनिटांत नाही सुटली तर कापा. कापलेला तुकडा खिशात. बारीक ब्रेड पक्ष्यांच्या पायात अडकला की सुटत नाही. ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य 2015 पासून आहे आणि 2022 मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, त्या हद्दीत तर रॉड घेऊन जायचंच नाही. हद्द कुठे सुरू होते ते कळत नसेल तर काठावरच्या कोळी दादांना विचारा, ते गाठी कशा सोडवायच्या तेही सांगतील. वर जाळं विणता विणता हसतील, ते सहन करा.

रील दुरुस्तीला देताना स्पूल दोऱ्यासकट द्या, आणि चिठ्ठीवर लिहा: कधी होतं, किती वजनाचा ल्युअर, खारं पाणी की गोडं, आधी काय काय उघडलं. शेवटचं लपवू नका, त्याला पहिला स्क्रू बघूनच कळतं.